एकट्याने गाडी हाकू नये

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराचे जुने गाडीवान रात्री एकटे निघत नसत. चाक निखळले तर मागच्या गाडीचा आधार असे. मोटार आली नि आपण हे विसरलो. मीही विसरलो. एका पावसाळ्यात माळशेज घाटात दरड आडवी आली, फोन लागेना. घरी वाट सांगितलीच नव्हती. आईने रात्रभर दाराला कडी घातली नाही.

घाटात सकाळी निदान माणूस भेटतो. जैसलमेर-तनोट ही सुमारे १२० किलोमीटरची सडक सोडून आपण वाळूत उतरणार असाल, तर मोटारी दोन हव्यात, दोर नि भरपूर पाणी हवे. गाडी रुतली तर ती सोडून चालू लागू नका; शोधणाऱ्याला माणसाआधी गाडी दिसते. आणि वाट, परतायची वेळ, तिथल्या पोलिसांचा क्रमांक घरी एकाला लिहून द्या. मागची गाडी म्हणतात ती हीच.