भिंग मिळेल का, भिंग?



गुलाबी बोंडअळीची मादी कपाशीवर जे अंडे घालते, ते असते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. त्यातून निघणारी अळी आधी पांढुरकी असते. गुलाबी रंग तिला मागाहून चढतो, आणि तोवर ती बोंडात शिरून बसलेली असते. 2017 साली या किडीने विदर्भातल्या कपाशीची काय दशा केली, ते तुम्हांला मी सांगायला नको. अलीकडे पुष्कळ शेतकरी आणि गावातले गुरुजी किडीचे छायाचित्र काढून जाणकाराला पाठवतात नि विचारतात, "साहेब, ही कोणती?" चित्रात पान स्पष्ट असते, बोटाचे नख स्पष्ट असते, अळीच्या जागी मात्र एक पुसट डाग!

दोष बहुधा हाताचा नसतो, भिंगाचा असतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे भिंग वस्तूच्या फार जवळ नेले की चित्र फिसकटते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे बारा मिलिमीटरची धरा. साध्या भिंगातून तिची प्रतिमा आत फार तर चार मिलिमीटरची पडते. जवळच्या चित्रणासाठी जे खास भिंग असते, ज्याला छायाचित्रकार मॅक्रो म्हणतात, त्यातून ती बाराची बारा मिलिमीटर उमटते. मग डोक्याचा तपकिरी रंग दिसतो, अंगावरचे पट्टे दिसतात, आणि जाणकाराला उत्तर देता येते.

हे भिंग घ्यायला मी अमरावतीत हिंडलो, अकोल्यात हिंडलो. एका दुकानदाराने तर माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "अशी लेन्स इथं कोन घेते, सर? लग्नाची पाह्यजे असंन तं दाखवतो." दुसऱ्याने आगाऊ रक्कम घेऊन मागवून देतो म्हटले; दोन महिने "आज येते, उद्या येते" झाले आणि शेवटी पैसे परत हाती पडले. घरबसल्या मागवता येते, हे मला ठाऊक आहे. पण किंमत म्हशीच्या तोडीची. आणि म्हैस काय कोणी चित्र पाहून घेतो? भिंग आपल्या कॅमेऱ्याला लावून, वजन हाताला पेलते का ते बघून, दोन चित्रे काढूनच घ्यावे. तेवढ्यासाठी बडनेऱ्याला रात्रीची गाडी धरून मुंबईचे फोर्ट गाठायचे!

आपल्याकडे ही वणवण जुनी आहे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' निघाला 1913 मध्ये. पण त्याआधी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, त्यांनी त्या कॅमेऱ्याने कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपली आणि ती सलग पडद्यावर दाखवली. म्हणजे परदेशातून आणलेल्या त्या यंत्राने सुरुवातीलाच एक झाडही पाहिले. तेव्हा इथे इलाज नव्हता. आज माल देशात आहे, फक्त जिल्ह्याच्या गावी मांडलेला नाही.

दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. निकॉनची खोबण 1959 पासूनची. कॅननने आपली 1987 साली बदलली. आणि 2018 मध्ये दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी पुन्हा नव्या खोबणी काढल्या. चार तऱ्हांची भिंगे कपाटात ठेवायची, आणि एखादे विकले जाईतो ते जुने व्हायचे. बिचाऱ्याचे पैसे अडकतात. म्हणून तो लग्नसराईत खपेल तेच ठेवतो. माझे म्हणणे इतकेच, की विकायला नसेना, दाखवायला तरी एक ठेवा. आणि तेही जमत नसेल तर तालुक्याच्या महाविद्यालयाने ते घ्यावे नि ग्रंथालयातल्या पुस्तकासारखे नोंदवहीत सही घेऊन द्यावे. सुतारकामाची हत्यारे शाळा विकत घेते, मग हे का नाही?

तोवर काय करायचे? पन्नास मिलिमीटरचे साधे भिंग कुठेही मिळते, कारण लग्नवाल्यांना ते लागते. ते एका उलट्या कड्याने कॅमेऱ्यावर पालथे बसवले, तर जवळची वस्तू जवळजवळ मूळ आकाराची उमटते. कडे स्वस्त असते. स्पष्टता मात्र हाताने, कॅमेरा पुढेमागे करून साधावी लागते. पालथ्या भिंगाची मागची काच उघडी राहते आणि आपल्याकडची धूळ तुम्ही जाणताच, म्हणून काम झाले की लगेच झाकण लावायचे. ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे, त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतले हातभिंग त्याच्या डोळ्याला अगदी चिकटवून धरावे. अंड्याचे नाही, तरी अळीचे चित्र येते. डोमकळी सकाळी तोडून सावलीत आणा, पाकळ्या सोडवा, काळ्या पाटीवर अळी ठेवा आणि शेजारी मुलांची मोजपट्टी ठेवायला विसरू नका, म्हणजे पाहणाऱ्याला लांबी विचारावी लागणार नाही.