परवाना मिळेल, पण जागा कुठाय? डान्स बारच्या एका अटीची गोष्ट

आजचा विषय डान्स बार. हसू नका, विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये.

आधी एक काम करा. फोनवर मॅप उघडा. तुमच्या शहरात अशी एक जागा शोधा, जिथून १ किलोमीटरच्या आत एकही शाळा, कॉलेज, देऊळ, मशीद किंवा चर्च नाही. शोधा, तोवर मी मागची गोष्ट सांगतो.

२००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. पोरं पैसे उधळतात, संसार मोडतात, गुन्हेगारी वाढते, असं सरकारचं म्हणणं होतं. ही काळजी अगदीच खोटी नव्हती. पण बंदी साध्या बारला लागू झाली आणि तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना सूट मिळाली. म्हणजे नाच तोच, फक्त बिल मोठं! २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. या बंदीमुळे ७५ हजारांहून जास्त महिला बेकार झाल्या आणि त्यातल्या अनेकींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावं लागलं, अशी नोंद त्या निकालात आहे.

मग २०१६ मध्ये नवा कायदा आला. आता बंदी नाही, परवाना घ्या. फक्त अटी पाळा. नाचाच्या जागी दारू नको, सीसीटीव्ही हवा, मालक ‘चांगल्या चारित्र्याचा’ हवा आणि बार शाळा-प्रार्थनास्थळांपासून १ किलोमीटर लांब हवा.

सापडली का जागा?

हिशोब सोपा आहे. एका शाळेभोवती १ किलोमीटरचं वर्तुळ काढलं की ३ चौरस किलोमीटरहून जास्त जागा बाद होते. मुंबईत तर गल्लोगल्ली देऊळ. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: मुंबईत अशी जागा मिळणंच अवघड. ती अट गेली, सीसीटीव्ही आणि दारूच्या अटीही गेल्या. संध्याकाळी ६ ते रात्री साडेअकरा ही वेळ मात्र राहिली. नोटा उधळायच्या नाहीत, हेही राहिलं.

म्हणजे अंतराचा नियमच चुकीचा का? तसं नाही. अमेरिकेत रेंटन नावाचं शहर आहे. प्रौढांसाठीचे चित्रपट दाखवणारी थिएटरं घरं, शाळा, चर्च आणि बागांपासून १,००० फूट, म्हणजे साधारण ३०० मीटर लांब हवीत, असा नियम तिथे केला होता. १९८६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. का? कारण नियम पाळूनही शहरात ५२० एकर, म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त जमीन उरत होती. ती जागा प्रत्यक्षात मिळण्यासारखी नाही, अशी थिएटरवाल्यांची तक्रार होती, पण कोर्टाला ती पटली नाही. तरी ‘जागा उरते का’ हा प्रश्न तिथे विचारला गेला. आपल्याकडे नियम करताना तोच विचारायचा राहून गेला.

तुम्ही म्हणाल, आमच्या बिल्डिंगखाली बार आला तर? रात्री दोनला गाड्यांचे हॉर्न, दारात भांडणं? रास्त प्रश्न आहे. पण वेळ, आवाज, पार्किंग हे नियम पाळायला लावायचे कोणाला? ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच. कारण परवाना जाण्याची भीती त्यालाच असते. ऑर्केस्ट्राच्या नावाखाली चोरून नाच चालवणाऱ्याला तुमच्या झोपेची काय पडलीय?

आणि आत नाचणाऱ्या बाईचं काय? रीतसर परवाना असेल तर लेखी करार होतो, पैसे बँकेत जमा होतात, मालकाने बुडवले तर दाद मागता येते. चोरून चालणाऱ्या बारमध्ये धाड पडली की सगळ्यात आधी तिचाच चेहरा कॅमेऱ्यासमोर येतो.

तुम्हाला डान्स बार आवडो न आवडो, बंदी हवी असेल तर सरळ बंदी म्हणा आणि कोर्टात तिची कारणं द्या. परवाना द्यायचा असेल तर तो मिळेल असा द्या. परवान्याच्या नावाखाली बंदी आणली, तर शेजाऱ्यालाही त्रास आणि त्या बाईलाही.

तुमच्या मॅपवर जागा सापडली असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!