केव्हापासून?



वस्तीतल्या कोणत्याही पोराला विचारा, २० मार्च १९२७ ला काय झालं? चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं. बरोबर! पण त्याच्या आधी काय, नंतर काय, म्हटलं की पोरगं गप्प. आपणही गप्पच.

आधी १९२३ चा बोले यांचा ठराव आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असं मुंबईच्या कायदेमंडळानं ठरवलं. महाड नगरपालिकेनं १९२४ ला तो मान्य केला. कागदावर तळं खुलं, पाण्याला मात्र हात लावायची सोय नाही. सत्याग्रह झाला तसा पालिकेनं ठराव फिरवला, आणि काही स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, पण कोर्टाच्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवावा लागला.

दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. वादींचं म्हणणं, आमची वहिवाट पूर्वापार आहे. पूर्वापार म्हणजे केव्हापासून? ते त्यांना शाबीत करता आलं नाही. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला.

इतिहासाच्या वर्गात आम्हाला हाच प्रश्न शिकवायचा आहे. 'पूर्वीपासून असंच चालतं,' असं कोणी म्हटलं की पोरानं विचारावं, केव्हापासून? पुरावा काय? सनावळ्या काय, परीक्षेपुरत्या पाठ होतातच.

तेव्हा माता-भगिनींना विनंती. पेटीत जुनी पत्रकं, वर्गणीच्या पावत्या, गिरणीच्या पगारचिठ्ठ्या असतील तर रद्दीत घालू नका. रविवारी विहारात आणा. पोरं त्यावरचा सन वाचतील, वहीत उतरवतील, आणि तुमचे कागद तुम्हाला परत मिळतील.