दिवस गेले म्हणून गोळी बंद?



 या अध्यक्षीय भाषणात किल्लारीच्या भूकंपापासून १४४१६ क्रमांकाच्या टेलिमानस हेल्पलाइनपर्यंत मराठवाड्यातल्या मानसोपचाराचा आढावा घ्यावा, असं संयोजकांनी सुचवलं होतं. तो छापील अंकात वाचावा. मला आज दुसरंच बोलायचं आहे, आणि ते बरीच वर्षं मनात आहे.

नैराश्याची गोळी चालू असलेल्या बाईला दिवस गेले, की पहिल्याच तपासणीत ती गोळी बंद होते. बहुतेकदा तोंडीच. ज्याने गोळी सुरू केली त्याला साधा फोनही जात नाही. व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्या गोळीने गर्भाला व्यंग येतं, ती भीती रास्तच आहे. पण तीच भीती आपण सरसकट सगळ्या ‘डोक्याच्या गोळ्यां’ना लावतो.

धोका नाही, असं मी म्हणत नाही. पॅरोक्झेटिनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये हृदयदोषाचा इशारा दिला. मूल हवं असलेल्या बाईला मी ते सुरू करत नाही. शेवटच्या महिन्यांत पॅरोक्झेटिनच्या (एसएसआरआय) गटातली गोळी चालू असेल, तर साधारण तिघांतलं एक बाळ जन्मल्यावर थरथरतं, किरकिरतं, नीट दूध ओढत नाही. बहुधा काही दिवसांत निवळतं. फुफ्फुसातल्या रक्तदाबाचा गंभीर त्रास हजारी दोनाच्या जागी तीन बाळांना होतो. दुसरी बाजूही ऐका. साडेनऊ लाख गर्भारपणांचा अमेरिकेतला अभ्यास २०१४ मध्ये आला. मूळ आजाराचा परिणाम वजा केल्यावर हृदयदोषात लक्षणीय वाढ उरली नाही. आणि २००६ च्या एका अभ्यासात गोळी सोडलेल्यांपैकी ६८ टक्के बायकांचा आजार गरोदरपणातच उलटला. चालू ठेवलेल्यांत २६ टक्के.

सकाळच्या चर्चेत ‘गोळी की बाळ’ असा वाद रंगला. मुखेडकडची एक शिक्षिका मला आठवली. त्याच गटातल्या सर्ट्रालिनवर छान सावरली होती, शाळेत जात होती. दिवस गेले, गोळी थांबवली गेली. पाचव्या महिन्यात भाऊ तिला घेऊन आला तेव्हा वजन उतरलेलं, झोप नाही, पोटातल्या बाळाशी आपलं काही नातं आहे असंही तिला वाटेना. फाइलीत लोह, कॅल्शियम, रक्तदाब, साखर, सगळं नोंदलेलं. तिला कसं वाटतंय, हे कुणी विचारल्याची एक ओळ नाही! गोळी पुन्हा सुरू करायची म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, “साहेब, लेकराला काही झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघावं?” प्रश्न खरा होता. मी आत्ता सांगितलेले आकडे त्यांना साध्या भाषेत सांगितले. बाळ सुरुवातीला किरकिरलं, मग अंगावर नीट पिऊ लागलं. पुढच्या खेपेला ती बाई दिवस जाण्याआधीच नवऱ्याला घेऊन विचारायला आली.

एका केसवरून शास्त्र ठरत नाही, असं एक तरुण मित्र म्हणाले. आकडे मी दिलेच आहेत. पण उपचार न केलेलं नैराश्य हेही गर्भाला लागणारं काहीतरी आहे, हे समोर बसलेल्या बाईकडे पाहिल्याशिवाय पटत नाही. आणि जन्मानंतरचं नैराश्यही बाळाला लागतं: शेजारच्या गोव्यातल्या अभ्यासाने २००३ मध्येच दाखवलं, की बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांची मुलं वजनाला आणि उंचीला मागे पडतात.

सौम्य आजारात बोलण्याच्या उपचारावर भागतं. तिथे गोळी हळूहळू उतरवता येते. पण एका फटक्यात, न विचारता? आपल्याकडे तर सासर उदगीरचं, उपचार लातूरला आणि बाळंतपण माहेरी नांदेडला. चिठ्ठी वाटेतच राहते.

म्हणून नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांसाठी एका पानाचा नमुना करू: गोळी कोणती, कशासाठी, बदलण्याआधी कुणाला फोन करायचा. मसुदा कुणी लिहायचा, आशाताईंपर्यंत तो कसा न्यायचा, हे संध्याकाळच्या बैठकीत बोलू. तोवर एवढं करा: उद्या अशी बाई तुमच्या टेबलासमोर बसली, तर बंद लिहिण्याआधी फोन उचला.