माटुंगा नावाचा शेजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला माटुंगा दाखवायचे असेल तर त्याला सकाळी नऊच्या सुमारास मध्य रेल्वेच्या स्टेशनाबाहेरच्या बाजारात उभे करावे आणि नुसते ऐकायला सांगावे. तमिळ, मल्याळम, कन्नड, तुळू, कोकणी, कच्छी, गुजराती आणि आपली मराठी, एवढ्या भाषा पाच मिनिटांत कानांवरून जातात. जौनपूरकडचा भाजीवाला केळफुलाचा भाव तमिळमध्ये सांगतो आणि सुट्टे पैसे मराठीत मागतो. डोक्यावरच्या पाट्यांवर मात्र वेगळीच माणसे आहेत : भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे हे विद्वान आणि सुधारक. त्यांच्या नावाच्या रस्त्यांवर आज मोगऱ्याचे गजरे, केळीची पाने आणि ताजी दळलेली कॉफी विकली जाते.

माझे बालपण या रस्त्यांवर गेले. त्यामुळे माटुंग्याविषयी बोलताना मी तटस्थ राहीन, अशी खात्री देत नाही. पण गोडवे गाण्यासाठीही मी आलेली नाही. नाना जातीधर्मांची माणसे इथे एकत्र राहिली ती कशी, आणि त्यातले किती टिकेल, एवढेच मला बोलायचे आहे.

आज माटुंग्याला कोणी उपनगर म्हणत नाही. ते शहरातच मोडते. पण वसवले गेले ते उपनगर म्हणूनच. त्याआधी इथे गाव होते. मरूबाई ही इथली गावदेवी, तिचे देऊळ आजही आहे. माटुंगा हे नाव ‘मातंग’ म्हणजे हत्ती यावरून आले, माहीमच्या भीमराजाची हत्तीशाळा इथे होती, असे जुनी माणसे सांगतात. कंपनी सरकारच्या काळात तोफखान्याची छावणी होती. बाकी सगळी भातशेती, माड आणि दलदल.

मग 1896 साली मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या कोंदट वस्तीत त्याची सुरुवात झाली आणि बघता बघता अर्धे शहर गावाकडे पळाले. साथीचे मूळ दाटीवाटीत आहे असे सरकारने ठरवले आणि 1898 साली मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या शहरात रस्ते फोडायचे आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जागेत नवी, हवेशीर वस्ती करायची, अशी त्याची योजना होती. दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव हा पट्टा त्यातून आखला गेला. रुंद रस्ते, रस्त्यांच्या कडेला झाडे, मधोमध बागा आणि दोन-तीन मजल्यांच्या सुट्या सुट्या इमारती. ट्रस्टच्या गोऱ्या साहेबांना इथे ऐसपैस बंगले दिसत होते म्हणे, पण आले मध्यमवर्गीय कारकून! त्यांना बंगला परवडणार नव्हता. त्यांना हवे होते दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातच मोरी-संडास. चाळीतल्या मुंबईला ही ‘ब्लॉक’ नावाची चीज नवीन होती.

आता आले कोण? दादरच्या बाजूला मंचेरजी एदलजी जोशी या गृहस्थांनी ट्रस्टकडून 103 भूखंड मध्यमवर्गीय पारशांसाठी मिळवले आणि पारशी कॉलनी उभी राहिली. तिला ना कुंपण, ना दरवाजा. तिथल्या बागांना आज त्यांचेच नाव आहे, तरी लोक ‘फाइव्ह गार्डन’च म्हणतात. शेजारी हिंदू कॉलनी वसली. 1915 साली रेल्वेचे वर्कशॉप आले. कच्छी आणि गुजराती व्यापारी आले. आणि किंग्ज सर्कलच्या आसपास दक्षिणेकडची माणसे आली. इंग्रजी शिकलेली, टंकलेखन आणि लघुलेखन जाणणारी. मुंबईतल्या कचेऱ्यांना आणि रेल्वेला अशीच माणसे हवी होती.

इथे एक गंमत आहे. ही माणसे गावाहून निघाली तेव्हा कोणी स्वतःला ‘साउथ इंडियन’ म्हणत नव्हते. कोणी तंजावरचा, कोणी पालघाटचा, कोणी उडुपीचा. एकमेकांची भाषाही सगळ्यांना येत नसे. निखिल राव या अभ्यासकाने मुंबईच्या या जुन्या उपनगरांवर ‘हाउस, बट नो गार्डन’ नावाचे पुस्तक लिहिले आहे (2013). त्यात ते दाखवतात, की ‘साउथ इंडियन’ ही ओळखच मुळी माटुंग्यासारख्या वस्तीत घडली. एका पद्धतीच्या घरांत राहायचे, एकाच प्रकारच्या नोकरीला जायचे, मुलांना एका शाळेत घालायचे, यातून ती तयार झाली. 1932 साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिच्या नावातच ही ओळख आहे. म्हणजे माणसे आपली संस्कृती ट्रंकेत घालून घेऊन येतात आणि नव्या घरात तशीच मांडून ठेवतात, असे होत नाही. अर्धी संस्कृती नव्या शेजारात तयार होते.

या शेजाराची खरी ओसरी म्हणजे इथली खाणावळ. कुटुंब गावी ठेवून आलेला एकटा कारकून जेवणार कुठे? त्याच्यासाठी बोर्डिंगे निघाली. रामाश्रय 1939 चे, कॅफे मद्रास 1940 चे, रामा नायकांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चे. केळीच्या पानावर भात, रसम, सांबार. शेजारी कोण बसला आहे हे विचारायची सोय नाही, कारण मागे पुढच्या पंगतीचा माणूस तिष्ठत उभा असतो. ज्यांच्या घरी परक्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांची मुले इथे परक्याच्या मांडीला मांडी लावून जेवली. सुधारणेची व्याख्याने ऐकून जे झाले नसते, ते भुकेने आणि ऑफिसच्या घाईने केले. पलीकडे इराण्याच्या हॉटेलात ब्रून-मस्का मिळायचा, तो खायला आमच्या इमारतीतले सोवळे आजोबाही जायचे. अर्थात ‘फक्त चहा घेतो’ असे घरी सांगून!

आमचे बिऱ्हाड तेलंग रोडच्या जवळ होते. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात कारकून. शेजारी तमिळ कुटुंब होते. तमिळ ब्राह्मणांत वडीलधाऱ्या बाईला ‘मामी’ म्हणतात. आम्हाला तो शब्द शिकावाच लागला नाही, आमच्याकडेही मामी मामीच! नवरात्रात त्यांच्याकडे कोलू मांडला जाई, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांची आरास. आम्ही मुली आधी भोंडल्याची खिरापत ओळखायचो आणि मग मामींकडे सुंडल खायला पळायचो. आईने मामींना पुरणपोळी शिकवली. मामींनी आईला रसम शिकवले, ते माझ्या घरी आजही होते, फक्त त्यात चिमूटभर गूळ पडतो. मामींना तो गूळ कधीच मान्य झाला नाही.

पण श्रोतेहो, हे सगळे इतके गुळचट नव्हते, हेही सांगायला हवे. माटुंग्यात शेजार होता, पण घर देताना प्रत्येक जण आपला माणूस बघत असे. ही इमारत अमक्यांची, ती तमक्यांची. आमच्या वडिलांना ब्लॉक देण्याआधी मालकाने आडनाव विचारले आणि पुढचा प्रश्न केला, ‘घरात मासळी शिजते का?’ वडिलांनी ‘शिजणार नाही’ असे वचन दिले आणि ते शेवटपर्यंत पाळले. त्यामुळे रविवारी आमची वरात माहीमला मावशीकडे जायची. मामींचा धाकटा मुलगा ‘अभ्यासाला’ म्हणून पुष्कळदा बरोबर यायचा. बांगड्याचा काटा कसा काढायचा, एवढाच अभ्यास तो तिथे करायचा. मामींना हे ठाऊक होते की नाही, देव जाणे. त्यांनी कधी विचारले नाही आणि आम्ही कधी सांगितले नाही.

आम्हाला निदान वचन देऊन घर मिळाले. ज्यांचे आडनाव ऐकूनच दार बंद होत होते, त्यांचे काय? रुळांच्या पलीकडे, धारावीच्या कडेला, माटुंगा लेबर कॅम्प आहे. गिरण्यांत, रेल्वेत, महापालिकेत राबणारी दलित आणि कष्टकरी माणसे तिथे राहत. पोस्टाच्या पत्त्यात तेही माटुंगाच. पण ‘माटुंग्याची सहल’ म्हणून जे काही लिहिले जाते, त्यात कॉफी असते, फुले असतात, लेबर कॅम्प नसतो. वास्तविक मराठी साहित्याला माटुंग्याने जे दिले, ते बरेचसे तिथूनच दिले आहे. अण्णा भाऊ साठे तिथे राहत होते. अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी 1944 साली लालबावटा कलापथक उभे केले. बाबुराव बागूल लहानपणी नाशिकहून तिथेच आले. 1963 साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. नोकरीच्या गावी जात लपवून राहणाऱ्या तरुणाची ती कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना घरमालकाच्या त्या साध्याशा प्रश्नाचे वजन वेगळे सांगायला नको. आणि ज्या वस्तीत भूखंडसुद्धा जातीधर्मावर वाटले जात होते, त्याच वस्तीत, हिंदू कॉलनीत, 1930 च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘राजगृह’ बांधले, तेही ग्रंथांसाठी मुद्दाम जागा ठेवून. माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या (1937) स्थापनेतही त्यांचा वाटा होता.

तणावाचे दिवसही आले. 1966 नंतरच्या काही वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांच्या विरोधात आंदोलने झाली, उडपी हॉटेलांवर दगड पडले. मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती, हे दुःख खरे होते. पण ते दुःख इडलीच्या भांड्यावर काढून कोणाला नोकरी लागली, असे मी पाहिले नाही. त्या दिवसांत मामी बाजारात जाताना आईला बरोबर घ्यायच्या. दोघी काही बोलायच्या नाहीत, नेहमीप्रमाणे भाजी घेऊन परत यायच्या. आईने ‘सलोखा’ हा शब्द आयुष्यात कधी वापरला असेल असे मला वाटत नाही. तिला फक्त भाजी आणायची होती, आणि मामींनाही.

माटुंग्याचे मर्म मला यात दिसते. इथली माणसे फार थोर मनाची होती असे नाही. आपापल्या घरात आपापली शिवाशिव सांभाळून ती राहत होती. पण घराबाहेर पडले की एकच बाजार, एकच बाग, एकच फलाट आणि एकच पंगत. व्हीजेटीआय 1923 साली भायखळ्याहून इथे आली, रुईया 1937 साली आणि पोदार 1941 साली निघाले. त्यांच्या वर्गांत बाक वाटले गेले ते हजेरीच्या क्रमाने. षण्मुखानंद सभागृह 1963 साली उघडले, 1990 च्या आगीत जळाले, 1998 साली पुन्हा उभे राहिले. तिथे कर्नाटक संगीताला मान डोलावणारे श्रोते हिंदुस्थानी गायकालाही तशीच दाद देतात. घरांनी माणसे वेगळी ठेवली, रस्त्यांनी ती एकत्र आणली.

म्हणून आज जे चालले आहे त्याची मला काळजी वाटते. जुन्या दोन-तीन मजली इमारती पडताहेत आणि त्या जागी मनोरे उठताहेत. इमारती जुन्या झाल्या होत्या, जिने मोडले होते, छपरे गळत होती. पडझडीत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना ‘जुने जपा’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण नव्या मनोऱ्याच्या पायथ्याशी चार-पाच मजले गाड्या असतात. पूर्वी तिथे शिंप्याचे, फुलवालीचे, कॉफीचे दुकान होते. लिफ्टने उतरायचे, गाडीत बसायचे, फाटकातून निघून जायचे. ‘खाता काय?’ हा प्रश्न दलालाच्या तोंडून आजही येतोच. म्हणजे घराघरांतले अंतर आहे तसेच राहिले आणि ते ओलांडायला लावणारा रस्ता तेवढा निघून चालला.

तरी अजून बरेच शिल्लक आहे. 2017 साली माटुंगा स्टेशनाचा सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांच्या हाती आला आणि त्याची नोंद लिम्का बुकात झाली. मामी असत्या तर तिकीट काढायचे नसतानाही खिडकीपर्यंत जाऊन आल्या असत्या!

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. नव्या इमारतीचे नकाशे सोसायटीच्या सभेत येतील तेव्हा चौरस फूट जरूर मोजा. पण खालचे दुकान राहणार आहे का, पदपथावर दोन बायकांना उभे राहून बोलता येणार आहे का, हेही विचारा. आणि घर देताना आडनावानंतरचा तो दुसरा प्रश्न एकदा गिळून पाहा. शेजारी आपण निवडत नसतो, तो मिळतो. माटुंगा घडले ते न निवडलेल्या शेजाऱ्यांमुळे.