पृथ्वीचा गोल आणि धर्मग्रंथांचा शब्द

धर्मग्रंथांतील पृथ्वीचे वर्णन पदार्थविज्ञानाशी जुळते काय, हा प्रश्न आजचा नव्हे. मराठीत तो १८३६ सालीच ग्रंथरूपाने अवतरला. भोपाळनजीकच्या सिहोर येथील ज्योतिषी सुबाजी बापू यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहून पुराणे, ज्योतिष-सिद्धान्त व कोपर्निकस यांची मते शेजारी शेजारी मांडली. पुढच्याच वर्षी यज्ञेश्वर शास्त्र्यांनी ‘अविरोधप्रकाश’ हा ग्रंथ रचून पुराणे व ज्योतिष यांत विरोध नाहीच, असे प्रतिपादिले.

विरोध मात्र उघड होता. पुराणांतील पृथ्वी सपाट, सात द्वीपे व सात समुद्र यांनी वेढलेली. तिचा विस्तार पन्नास कोटी योजने आणि मध्यभागी मेरू. ११५० साली भास्कराचार्यांनी वर्णिलेली पृथ्वी गोल. तिचा परिघ ४९६७ योजने. दोन्ही मोजमापे एकाच वेळी खरी कशी ठरावी?

भास्कराचार्यांची विचारसरणी पाहण्याजोगी आहे. वर्तुळाच्या परिघाचा लहान अंश सरळ भासतो. म्हणून एवढ्याशा माणसाला पृथ्वी सपाट दिसते. पृथ्वीला आधार मानावा, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, आणि ही मालिका कोठेच संपत नाही. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे, असेही त्यांनी म्हटले. तथापि एवढ्यावरून न्यूटनचा नियम त्यांनी आधीच सांगितला, असे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांच्या मते पृथ्वी अचल होती. अंतर दुप्पट झाले की आकर्षण चौथाई होते, आणि झाडावरून पडणारे फळ व पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे गणित १६८७ साली प्रसिद्ध झाले.

बायबलविषयीही हाच विवेक हवा. त्यात पृथ्वी अधांतरी टांगली आहे असा एक उल्लेख आहे. तसेच पृथ्वीचे खांब आणि आकाशाच्या घुमटावरील जल यांचेही उल्लेख आहेत. पहिला उल्लेख विज्ञान म्हणून मिरवावयाचा व दुसरे काव्य म्हणून झाकावयाचे, ही प्रामाणिक रीत नव्हे. अक्षरार्थाच्या आग्रहापायी १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली. त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मान्य केली. चुकीचा भार शेवटी गॅलिलिओवर नव्हे, धर्मसंस्थेवरच पडला.

याउलट एक उदाहरण हैदराबादचे आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली येथे निजामिया वेधशाळेचा पाया घातला. १८८७ साली पॅरिस येथे ठरलेल्या आकाशाच्या छायाचित्रणाच्या योजनेतील एक पट्टा पुढे तिच्याकडे आला. त्याच योजनेत व्हॅटिकनची वेधशाळाही होती. तेथील छायाचित्रांवरून चार लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने चार जोगिणींनी मोजली. मोजणाऱ्याचा धर्मग्रंथ कोणता, यावरून ताऱ्याचे स्थान बदलत नव्हते.

वर्गातील मूल जेव्हा विचारते, ‘ग्रंथ खरा की पुस्तकातले विज्ञान?’, तेव्हा ओढूनताणून मेळ घालणारे उत्तर देऊ नये. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची वाटोळी छाया त्याला दाखवावी. माणसाने कसे जगावे, हे ग्रंथाला विचारावे. पृथ्वीचा परिघ मात्र मोजूनच काढावा. श्रद्धेला भूगोलाची टेकू दिली, तर भूगोल सुधारताच श्रद्धाही डळमळते. आणि तो दोष विज्ञानाचा नसतो.