डिकीत काय अंथरावं?



हप्ता, रजिस्टर, बँकेची फेरी हे आपले नेहमीचे विषय आज जरा बाजूला ठेवू. आज बोलायचंय छोट्या गाडीच्या डिकीबद्दल, आणि त्यातही डिकीत अंथरायच्या मॅटबद्दल. हा काय रेडिओवर बोलायचा विषय झाला, असं वाटेल कुणाला. पण मी गटांच्या बैठकांना फिरते तेव्हा बघते, माल बनवायला आपण कुठेही कमी पडत नाही. अडतं ते माल पोचवताना.

टेम्पो भरेल इतका माल दर वेळी नसतो. एसटीत लोणच्याच्या बरण्या घेऊन चढणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग कुणाच्या तरी घरची छोटी गाडी कामी येते. आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, असं काहीतरी. बरेचदा ती दादल्याच्या नावावर, दिराच्या, नाहीतर मुलाच्या. पहिल्या दोन फेऱ्या छान होतात. तिसऱ्या फेरीला वळणावर एक बरणी कलंडते, तेल डिकीच्या कापडात मुरतं, आणि घरात सुरू होतं, ‘गाडीला कसला वास मारतोय?’ त्यानंतर गाडी मागायची चोरी. गाडी नाही म्हणून ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही म्हणून त्या महिन्याचा हप्ता ओढाताणीचा. एवढं सगळं एका बरणीपायी होतं. म्हणून हा विषय.

आधी डिकीची रचना समजून घेऊ. वर जे करडं-काळं कापड दिसतं ते नमद्यासारखं असतं. ते एका दाबलेल्या पातळ फळीवर चिकटवलेलं असतं. त्या फळीखाली खड्डा, आणि खड्ड्यात स्टेपनी, जॅक, पाना. कापड सगळं पिऊन घेतं. फळीला पाणी लागलं की ती फुगते आणि वाकते. पाणी आणखी खाली गेलं तर स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं आणि पत्र्याला गंज धरतो. वरून काहीच दिसत नाही. म्हणून मॅटीचं खरं काम शोभेचं नाही, सांडलेलं खाली जाऊ न देण्याचं आहे.

आता मॅट कशाची घ्यायची? दुकानात चार-पाच प्रकार दाखवतात.

पहिली गालिचासारखी, कापडी. दिसायला छान, पण सांडलेलं पिते. आपल्या कामाची नाही.

दुसरी चामड्यासारख्या रेक्झिनची, आत फोम घालून शिवलेली. दुकानदार तिला थ्रीडी, फाइव्ह डी, सेव्हन डी अशी नावं सांगतो. गाडीच्या आकाराची असते, डोळ्यांत भरते. पण मैत्रिणींनो, आपण शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका. जिथं सुई गेली तिथं भोक पडलं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या भोकांतून तेल आत फोममध्ये उतरतं, आणि फोम धुता येत नाही. घरच्या वापराला ती ठीक, मालाला नाही.

तिसरी रबराची. जड, टिकाऊ, जागची हलत नाही. पाण्याला उत्तम. मात्र रबराला तेल मानवत नाही. तेल तसंच राहिलं तर ते फुगतं, चिकट होतं. भाजी, रोपं, मासे नेणाऱ्यांनी रबर घ्यावं. लोणचं आणि तेलाचे डबे नेणाऱ्यांनी दुसरं बघावं.

चौथी पीव्हीसीची. स्वस्त असते, पण नवी असताना उन्हात वास सोडते. आपले पापड, पीठ, चहा-मसाला तो वास लगेच धरतात. घ्यायचीच असेल तर चार-पाच दिवस सावलीत वाऱ्यावर टांगून ठेवा. नाक जवळ नेऊन बघा, वास गेला असेल तरच गाडीत घाला.

पाचवी टीपीईची. रबरासारखी लवचीक, पण वजनाला हलकी आणि वास कमी. साच्यातून काढलेली असते, म्हणून शिलाई नसते आणि चारी बाजूंना उभी कड असते. द्रव माल नेणाऱ्या गटांना मी हीच सुचवते. बाकीच्यांपेक्षा महाग पडते, पण धुऊन पुन्हा नवी.

कडेचं महत्त्व हिशेबानं सांगते. समजा मॅट ९० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल आणि कड फक्त २ सेंटिमीटर उंच. गुणाकार केला तर १०,८०० घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेअकरा लिटर. सपाट जागी एक अख्खा घडा त्यात मावेल. पण आपले रस्ते सपाट कुठले? घाट चढताना सगळं मागे, दाराकडे पळतं. म्हणून हिशेबातलं अर्ध्याहून कमीच धरायचं. आणि दाराकडची कड कधीही कापायची नाही. क्रेट सरकवायला अडते म्हणून पुष्कळ जण तीच आधी कापतात, आणि चढावर सगळं तिथूनच बाहेर येतं.

आता माप. ‘वॅगनआरची मॅट द्या’ एवढं सांगून भागत नाही. वॅगनआर २०१९ साली नव्या बांध्यात आली, तिची डिकी ३४१ लिटरची आहे. त्याआधीच्या वॅगनआरची डिकी बरीच लहान होती. नाव तेच, अंग वेगळं. म्हणून गाडीचं साल सांगायचं, सीएनजी आहे की नाही ते सांगायचं, आणि माप आपलं आपण घ्यायचं.

माप घेणं आपल्याला अवघड नाही. ब्लाऊजचं पेपर कटिंग करतो तसंच. डिकी रिकामी करा, झाडून घ्या. वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद चिकटवून तळाला पसरा. कडा बोटानं दाबत चला, चाकाचा फुगवटा जिथं आत येतो तिथं घडी पाडा, आणि घडीवर कापा. मग टेप घेऊन रुंदी तीन ठिकाणी मोजा: सीटच्या पाठीजवळ, दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमध्ये, आणि दाराच्या तोंडाशी. तिन्ही मापं वेगळी येतील. सगळ्यात लहान मापाला मॅट बसली पाहिजे. कागदावर ‘वरची बाजू’ असं लिहून ठेवा, नाहीतर उलटं कापलं जातं. हा कागद दुकानात न्या आणि मॅटीवर ठेवून बघा. ऑनलाइन मागवत असाल तर मापं पडताळा आणि परत घेण्याची सोय आहे का ते आधी वाचा.

मॅट घरी आली की ती गुंडाळलेली, घड्या पडलेली असते. तासभर उन्हात पसरली की मऊ पडून सरळ होते. बसवताना आधी सीटच्या बाजूनं आत सरकवा, मग दोन्ही कुशी, शेवटी दाराकडची बाजू. कापावं लागलं तर कात्री एका वेळी अर्धा सेंटिमीटरच चालवा. जास्त कापलेलं परत जोडता येत नाही.

बसवल्यावर तीन गोष्टी तपासायच्या.

एक, मागचं दार. दाराभोवती रबराची पट्टी असते. मॅटीची कड तिच्यावर चढता कामा नये. चढली तर फट राहते, पावसाचं पाणी आत येतं आणि धूरही. परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. कागद घट्ट धरला असेल तर बरोबर, सहज निघाला तर मॅट आत घ्या. चार-पाच ठिकाणी असं करून बघा.

दोन, स्टेपनी. मॅट उचलून फळी वर करून बघा. बाईमाणूस एकटी असताना, रात्री, पंक्चर झालं तर स्टेपनी काढता आली पाहिजे. काही जण मॅट गोंदानं चिकटवून देतात. ते करू देऊ नका. सरकू नये म्हणून खाली वेल्क्रोच्या चार पट्ट्या पुरतात. डिकीच्या नमद्याला वेल्क्रोची खरखरीत बाजू आपोआप धरते.

तीन, उरलेला तुकडा. ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून तो ड्रायव्हरच्या पायाखाली टाकायचा नाही. म्हणजे नाहीच. तो सरकून ब्रेकच्या किंवा ॲक्सिलेटरच्या पॅडलखाली अडकू शकतो. काटकसर आपल्या अंगात आहे, ती इथं नको.

सीएनजी गाडी असेल तर थोडं वेगळं. पुष्कळ गाड्यांत टाकी डिकीतच असते आणि पुढे जेमतेम दीड वितीची जागा उरते. तेवढ्याच जागेला मॅट कापायची. टाकीवर, तिच्या व्हॉल्व्हवर, नळीवर मॅट किंवा गोणपाट पांघरू नका आणि त्यावर मालही टेकवू नका. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, त्यासाठी ती मोकळी दिसली पाहिजे. टाटाच्या अल्ट्रोज आणि टियागो या गाड्यांत २०२३ पासून दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली घातलेल्या आहेत, म्हणून वरची जागा मोकळी मिळते. तिथं पूर्ण मॅट बसते, पण तळाची फळी उचलता आली पाहिजे हा नियम तिथंही लागू.

मॅट घातली म्हणजे माल सुरक्षित झाला असं नाही. जड बरण्या तळाला आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, हलके पापडाचे पुडे वर. बरण्या सुट्या नकोत, बंद तळाच्या क्रेटमध्ये, मध्ये जुन्या साड्यांचे बोळे घालून. करकचून ब्रेक लागला तर पाच किलोची बरणी जोरानं पुढे येते, आणि पुढे आपलीच मैत्रीण बसलेली असते. माल सीटच्या पाठीच्या वर रचू नका. मागचं दिसलं पाहिजे. आणि किती हवा भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

सांडलंच, तर? तेल सांडलं तर आधी पाणी नको. कोरडं बेसन, राख किंवा लाकडाचा भुसा टाका, तेल शोषू द्या, भरून काढा, मग भांड्यांच्या साबणानं धुवा. दूध सांडलं तर आधी गार पाणी. गरम पाण्यानं दूध चिकटून बसतं आणि वास मुरतो. मासळीचं पाणी असेल तर साबणानं धुऊन लिंबू किंवा चिंच चोळा. धुतल्यावर मॅट दोन्ही बाजूंनी वाळवा, सावलीत. खालून ओली घातली तर मॅटच डिकी कुजवेल. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उचलून खाली हात फिरवून बघत जा.

आता पैशाचं. मॅट कुणी घ्यायची? यावरून एका गटात बैठक तापलेली मी पाहिली आहे. एक म्हणाली, ‘गाडी तिची, मॅट तिनं घ्यावी.’ दुसरी म्हणाली, ‘माल सगळ्यांचा, खर्च सगळ्यांचा.’ माझं म्हणणं दुसरीसारखं आहे. जिची गाडी आहे ती आधीच घरच्यांची मनधरणी करून गाडी आणते. तो खर्च कुठल्याच रजिस्टरात दिसत नाही. मॅट गटाच्या पैशातून घ्या, पावती जोडा, ठरावात लिहा, आणि धुण्याची पाळी लावा. माल उतरवून झाला की त्या दिवशीच्या पाळीची ताई मॅट पुसेल आणि मगच गाडी परत जाईल. एका टेम्पो-फेरीच्या भाड्याशी मॅटीची किंमत ताडून बघा, बैठकीत आवाज आपोआप खाली येतील.

आणि तुमच्या गटात आज हिची, उद्या तिची अशी गाडी फिरत असेल तर एका गाडीच्या मापाची महाग मॅट घेऊ नका. साधी सपाट शीट घ्या, सगळ्यात लहान डिकीच्या मापाची, आणि तिच्यावर उंच काठाचे दोन बंद तळाचे क्रेट. शीटला कड नाही, पण क्रेटला आहे. ही जोडी कुठल्याही गाडीत जाते.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथं उलट आहे, डिकी पाहून अंथरूण घ्यायचं. गाडी जशी नेली तशी स्वच्छ परत दिली, तर पुढच्या वेळी किल्ली मागताना मान खाली घालावी लागत नाही. तुमच्यापैकी ज्या स्वतः गाडी शिकताहेत त्यांना तर मी म्हणेन, स्टेपनी कुठे आहे ते आजच मॅट उचलून बघून ठेवा.

पुढच्या बैठकीला कुणाकडे टेप असेल तर घेऊन या. मापं घेऊनच उठू.